उजव्या बाजूचं पदक

नंदूकाका शिंगटे रोज सकाळी फिरायला निघत, ते असे निघत की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला कुठंतरी वेळेवर पोचायचंय. पाठ ताठ, बूट चकाचक, हात एका लयीत मागंपुढं. पोचायचं कुठंच नसायचं हो! नेपरव्हिलच्या त्या कॉलनीला एक वळसा, तळ्यावरच्या बदकांना रामराम, की परत आपलंच दार. दारात तरी कोण असणार? मुलगा ऋषी तोवर शिकागोच्या ट्रेनमध्ये बसलेला, सून राधिका ऑफिसात पोचलेली, नात अनिका कॉलेजसाठी पार कॅलिफोर्नियात. घर चांगलं मोठं, ऐसपैस, आणि दिवसभर खायला उठायचं.

काकांची अख्खी हयात मराठा पलटणीत गेली. हवालदार म्हणून रिटायर झाले, साताऱ्याकडं पुसेगावजवळच्या गावी जाऊन शेती केली. दोन वर्षांपूर्वी बायको उत्तरा गेली, आणि ऋषीनं त्यांना इकडं आणलं. "बाबा, तिथं एकटे कसे राहणार?" असं म्हणून आणलं. आता इथं काका एकटे राहत होते. हसावं की रडावं, सांगा!

मुलगा-सून वाईट होती असं मात्र कुणी समजू नये. फ्रिजमध्ये डब्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या असत, शनिवारी देवळात नेत, मराठी मंडळाच्या गणपतीला नेत. पण संध्याकाळी दमून आलेल्या माणसाशी काय बोलायचं? "जेवलात का बाबा?" "जेवलो." "फिरून आलात?" "आलो." झालं, पलटणीतली हजेरीसुद्धा याहून लांब चालायची.

काकांच्या खोलीत दोन वस्तू त्यांच्या स्वतःच्या होत्या. एक उत्तराकाकूंचा फोटो, आणि दुसरी एका पट्टीवर ओळीनं शिवलेली पाच पदकं. त्यांत शौर्याचं एकही नाही. काका ते कधी लपवत नसत. दोन पदकं काका कुठं कुठं तैनात होते त्याची, एक कसल्याशा वर्धापनाचं, एक वीस वर्षांच्या सेवेचं आणि पट्टीच्या अगदी टोकाला नऊ वर्षांच्या सेवेचं. या शेवटच्याची तर बराकीत टिंगल चालायची. "हे मिळवायला काय करावं लागतं? मरायचं नाही आणि पळून जायचं नाही!"

नऊ वर्षांचं ते पदक घेऊन काका पहिल्यांदा सुट्टीवर घरी गेले, तेव्हा उत्तराकाकू चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी पदक हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"कशाचं हो हे?"

"नऊ वर्षं नोकरी केल्याचं."

"आसं व्हय," काकू म्हणाल्या. "मंग माझं कुठाय?"

दोघंही मनसोक्त हसले होते. काकूंची जीभ तशी तिखटच. काका पुढं कितीतरी वर्षं पलटणीत ही गोष्ट सांगून हशा मिळवत.

तर, या कॉलनीत काकांशी बोलणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातल्या डोरोथीबाई. वय ऐंशीच्या पुढं, वॉकर घेऊन चालणाऱ्या, नवरा हॅरल्ड वारलेला, मुलगी दूर ॲरिझोनात. ओळख झाली ती गेल्या ऑगस्टात. नेपरव्हिलमधल्या भारतीयांची पंधरा ऑगस्टची परेड होती, काका कोटावर पदकं लावून निघाले होते. बाई पोर्चमध्ये बसल्या होत्या, त्यांनी बसल्या बसल्या सॅल्यूट ठोकला. काकांनी थांबून असा कडक सॅल्यूट परत केला की बाईंचा चहा सांडला.

"सगळी डावीकडे का लावलीत?" बाईंनी विचारलं होतं.

काकांचं इंग्रजी पलटणीतलं. येस सर, नो सर आणि मधलं सगळं हातवाऱ्यांनी. तेवढ्यावर त्यांनी समजावलं, की स्वतः मिळवलेलं पदक डावीकडं, काळजाच्या बाजूला. आणि माणूस गेला, की त्याचं पदक घरातल्या कुणीतरी लावायचं असतं, ते उजवीकडं. उजवीकडं दिसलं की समजायचं, हे याचं नव्हे, याच्या गेलेल्या माणसाचं.

बाईंना ते फार आवडलं. तेव्हापासून त्या काकांना 'सार्जंट', म्हणजे तिकडचा हवालदार, म्हणू लागल्या आणि दर मंगळवारी दुपारी चहाला बोलवू लागल्या. चहा कसला, कोमट पाण्यात बुडवलेली पिशवी! पण काका सोमवारपासूनच बुटांना पॉलिश करत. मंगळवार होता म्हणून आठवड्याला काहीतरी आकार होता, नाहीतर सगळे वार सारखेच.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी बाईंनी एक छोटी पेटी काढली. गावातल्या वाचनालयात जुन्या घराण्यांचं प्रदर्शन भरणार होतं, अकरा नोव्हेंबरला, इथल्या माजी सैनिकांच्या दिवशी. बाईंच्या पणज्याचा बाप, विल्हेल्म त्याचं नाव, जर्मनीतून इथं शेती करायला आला होता. त्याआधी तो आनहाल्ट नावाच्या एका डचीच्या फौजेत शिपाई होता. डची म्हणजे राजाऐवजी ड्यूक असलेलं राज्य. काकांनी मनात लगेच हिशेब लावला, म्हणजे आपल्या औंध-फलटणसारखं संस्थान.

"घोडा बुजला आणि ड्यूक नदीत पडला," बाई सांगू लागल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "विल्हेल्मनं उडी मारून त्याला वाचवलं. त्याबद्दल ड्यूकनं स्वतःच्या हातानं हे त्याच्या छातीवर लावलं. माझ्या आजीनं मला सांगितलं, तिला तिच्या आजीनं. मी त्या दिवशी हे लावून बोलणार आहे. उजवीकडे, तुम्ही सांगितलंत तसं. आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं, सार्जंट. तुम्ही एकटेच असाल, ज्याला याची किंमत कळेल."

पेटीत रंग उडालेल्या फितीवर बसवलेली धातूची एक पातळ चौकट होती. ना तलवार, ना झळाळी, ना लटकणारा क्रॉस. काकांनी ती तळहातावर घेऊन निरखली. शौर्याचं पदक असं नसतं. ते दुरून डोळ्यांत भरायला हवं. हे गरीब बिचारं, शिस्तीतलं, ओळीत उभं राहणारं. असंच एक भावंड त्यांच्या स्वतःच्या पट्टीच्या टोकाला होतं.

"बढिया. पहिल्या रांगेत बसणार," काका म्हणाले आणि फोनवर एक फोटो काढून घेतला.

संध्याकाळी त्यांनी ऋषीला फोटो दाखवला. ऋषीनं जेवता जेवता इकडंतिकडं शोधलं आणि पाचेक मिनिटांत म्हणाला, "सापडलं, बाबा. ब्रेव्हरी वगैरे काही नाही. लाँग सर्व्हिस. एकवीस वर्षांचं, पंधरा वर्षांचं आणि नऊ वर्षांचं असं द्यायचे. हे नऊचं, सगळ्यात खालचं. शिपायांना, हवालदारांना." मग तो हसला. "म्हणजे तुमच्या त्या नऊवाल्यासारखंच की! शाळेत फुल अटेन्डन्सचं बक्षीस देतात ना, तसं."

तो काही दुष्टपणानं बोलला नव्हता. पण काकांना तोंडात मारल्यासारखं झालं. ते उठले, ताट विसळलं आणि खोलीत गेले.

आता प्रश्न असा होता, की बाईंना सांगायचं की नाही?

न सांगावं, तर काय बिघडणार होतं? म्हातारी मजेत बोलेल, चार लोक टाळ्या वाजवतील, मंगळवारचा चहा चालू राहील. सांगावं, तर या अख्ख्या देशात आपल्यासाठी उघडणारं एकमेव दार आपल्याच हातानं लावून घ्यायचं. काकांनी मूग गिळून बसायचं ठरवलंसुद्धा. पण फौजी माणसाचा पिंड! न मिळवलेलं शौर्याचं पदक छातीवर लावणं, यापेक्षा मोठं पाप पलटणीत नव्हतं. आणि त्या दिवशी सगळे माजी सैनिकच जमणार. त्यातल्या एखाद्यानं भर सभेत बाईंना टोकलं तर? तेव्हा पहिल्या रांगेत बसलेला सार्जंट काय खाली मान घालून बूट बघणार?

पुढच्या मंगळवारी काकांनी चहाला हात लावायच्या आधीच सांगून टाकलं.

"मॅडम, हे शौर्याचं नाही. हे नऊ वर्षांच्या नोकरीचं आहे."

बाईंना आधी कळेना. मग कळलं, तेव्हा त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "म्हणजे माझी आजी खोटं बोलली?"

"आजीला जसं सांगितलं, तसं तिनं सांगितलं."

"मग नऊ वर्षं त्यानं केलं तरी काय?"

काकांना किती सांगायचं होतं! पावसात उभं राहून दिलेला पहारा. घरी पोरगं आजारी आहे हे माहीत असून दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाऱ्यावर जाणं. ज्याचं नाव कुठं लिहिलं जात नाही असं काम रोज करणं. पण यातलं काहीएक इंग्रजीत जमेना. जिभेवर एवढंच आलं:

"राहिला."

"बस? नुसता राहिला?"

"राहिला, मॅडम."

बाईंनी पेटी मिटली. "आज माझं डोकं दुखतंय, सार्जंट," त्या म्हणाल्या. चहा तसाच राहिला.

त्यानंतरच्या मंगळवारी काका बूट घालून पोर्चपर्यंत गेले. पडदे ओढलेले होते. आत टीव्हीचा आवाज येत होता, म्हणजे बाई घरात होत्या. काकांनी बेल वाजवली नाही. त्या दिवसापासून त्यांनी फिरायचा रस्ता बदलला. कोपऱ्याच्या अलीकडूनच वळायचे, म्हणजे ते घर लागायला नको आणि बाईंनी पडद्याआडून बघितलंच, तर त्यांना तोंड चुकवावं लागायला नको.

झाडांची पानं गळून गेली, बदकंसुद्धा तळं सोडून गेली. काका दिवसभरात एक अक्षर बोलत नसत. एकदा कुणीतरी चुकीच्या नंबरवर फोन केला, तर काका त्याच्याशीच थंडीबद्दल बोलत बसले. तो बिचारा "सॉरी, सॉरी" म्हणत होता. फोन ठेवल्यावर काकांना स्वतःचीच इतकी दया आली की ते खुर्चीत बसून लहान पोरासारखे रडले. रात्री त्यांनी ऋषीला सांगितलं, "मला गावी सोडून ये."

"काय झालं बाबा?"

"काही नाही. इथं काय काम आहे माझं?"

"अहो, काम कशाला हवंय? आराम करा ना!"

याला काय समजावणार? काका उठून आपल्या खोलीत गेले.

दहा नोव्हेंबरच्या दुपारी त्यांनी पदकं पुसायला घेतली. बाईंनी नको म्हटलं असलं-नसलं, तरी पहिल्या रांगेत बसायचा शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द हवालदार शिंगट्यांनी कधी मोडला नव्हता. पुसता पुसता ते शेवटच्या पदकाशी आले. नऊ वर्षांचं. बाईंचा प्रश्न पुन्हा कानात वाजला, नऊ वर्षं केलं तरी काय?

काकांनी समोर बघितलं. फोटोतून उत्तराकाकू बघत होत्या.

ती नऊ वर्षं काका कुठं होते? कधी बर्फात, कधी वाळवंटात. पण वेळेवर जेवण होतं, चार दोस्त होते, पत्ते होते, हसणं होतं. आणि ही कुठं होती? गावात. सासू अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं हिनं केलं. दुष्काळात मैलभरावरून पाणी आणलं. ऋषीला टायफॉईड झाला, तेव्हा एसटी चुकली म्हणून सहा वर्षांच्या पोराला पाठीवर बांधून पुसेगावच्या दवाखान्यापर्यंत चालत गेली. काकांना हे कळलं महिन्याभरानं, पोरगं खेळायला लागल्यावर. तिला माहेरी निघून जायला कुणी अडवलं नव्हतं. भाऊ दोनदा न्यायला आला होता. गेली नाही. राहिली.

मंग माझं कुठाय?

काकांनी राधिकाच्या शिवणाच्या डब्यातली बारीक कात्री आणली आणि पट्टीच्या टोकाची शिवण उसवायला बसले. दोऱ्याची वीण पलटणीच्या शिंप्याची, उसवता उसवेना. पण शेवटी सुटली. एक पदक वेगळं झालं.

दुसऱ्या दिवशी ऋषीला सुट्टी होती, तोच त्यांना घेऊन निघाला. गाडीत बसताना त्यानं बघितलं आणि म्हणाला, "बाबा, चार डावीकडे आणि एक उजवीकडे? चुकून लावलंत वाटतं."

"चुकून नाही. चल तू."

ऋषीला वाटलं, वय झालं. त्यानं गाडी सुरू केली.

वाचनालयाच्या हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या. पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती, पण बोलावल्याशिवाय तिथं बसायचा काकांना धीर झाला नाही. शब्द यायचा होता, रांगेचं बघू, अशी मनाची समजूत घालून ते मागं भिंतीशी बसले. डोरोथीबाई वॉकर ढकलत पुढं गेल्या. कोटाच्या उजव्या बाजूला ती पातळ चौकट होती. काका खुर्चीत पुढं सरकले. आता बाई काय सांगणार? घोडा, नदी आणि ड्यूक?

"माझ्या घरात सांगत आले, की विल्हेल्मनं ड्यूकचा जीव वाचवला," बाईंनी सुरुवात केली. "तसं काही घडलं नव्हतं. हे पदक नऊ वर्षं नोकरी केल्याचं आहे. मला एका मित्रानं हे सांगितलं, तेव्हा मी त्याला चहासुद्धा न पाजता घालवून दिलं."

हॉलमध्ये थोडं हसू पिकलं. बाई हसल्या नाहीत.

"माझा हॅरल्ड शेवटी शेवटी मला ओळखत नव्हता. रोज सकाळी विचारायचा, बाई, तुम्ही कोण? अशी आठ वर्षं. लोक म्हणायचे, डोरोथी, तू किती शूर आहेस! मी शूर वगैरे नव्हते. मी रोज मनातल्या मनात गाडीची किल्ली घेऊन निघून जायचे. गेले नाही, एवढंच. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. आणि आता कळतंय, की एका चिमुकल्या राज्यात एवढ्यासाठीसुद्धा माणसाच्या छातीवर काहीतरी लावत असत. विल्हेल्मनं काय केलं, तर तो राहिला. माझ्याकडे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे."

टाळ्या पडल्या, काही फार मोठ्या नाहीत. लोकांना नदी आणि घोडा जास्त आवडला असता. काका मात्र उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं.

चहाच्या वेळी बाई वॉकर खडखडवत थेट त्यांच्यापुढं आल्या. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर काकांच्या कोटावर गेली. डावीकडून उजवीकडं. त्या हॉलमध्ये त्याचा अर्थ कळणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

"उजवीकडे?" त्या हळूच म्हणाल्या. "हे कुणाचं, सार्जंट?"

"माझ्या बायकोचं."

"त्यासुद्धा सैन्यात होत्या?"

"नाही मॅडम. सैन्यात मी होतो. ती राहिली."

बाईंनी काकांचा हात घट्ट धरला. बराच वेळ सोडला नाही. मग नाक पुसत म्हणाल्या, "माझा राग अजून गेलेला नाही. मंगळवारी या." काकांच्या मागं कागदी कपात कॉफी घेऊन ऋषी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

परतताना त्यानं गाडी वाचनालयाच्या आवारातून बाहेर काढली. मग म्हणाला, "नऊचंच का, बाबा? वीसचं का नाही?"

"पुढं तुम्ही दोघं माझ्याजवळ क्वार्टरला आलात की. पहिली नऊ ती एकटी होती." काका खिडकीतून बाहेर बघत होते. "एकटी म्हणजे काय, ते मला इथं येऊन कळलं बघ."

फुल अटेन्डन्सचं बक्षीस आपणच म्हणालो होतो, हे ऋषीला आठवलं असावं. "आई आत्ता असती तर काय म्हणाली असती?"

"काय म्हणणार? म्हणाली असती, 'आता सुचलं व्हय? मी गेल्यावर!'" काकांना हसू आलं, आणि हसता हसताच रडूही आलं. "आणि वर म्हणाली असती, 'आन् लावलंय तरी कसलं वाकडं!'"

पुढं सिग्नल लाल होता. ऋषीनं गाडी थांबवून बघितलं, तर पदक खरोखरच वाकडं बसलं होतं. त्यानं वाकून बापाच्या कोटाच्या उजव्या बाजूवर हात ठेवला आणि ते सरळ केलं. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला, तरी त्याचा हात तिथंच होता.